यंत्र कुठं पडलं आणि कशानं पडलं



कवितेच्या माणसानं संगणकावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. मी बी. ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. पण आजचा विषय जितका इंजिनिअरांचा, तितकाच तुमच्या-माझ्या घरातलाही आहे. ज्यांच्या कपाटात, माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत जुन्या व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत, त्या सगळ्यांचा आहे.

काय असतं या कॅसेटींत? कुणाच्या लग्नाची वरात असते, कुणाच्या शाळेचं स्नेहसंमेलन. आज हयात नसलेल्या आजीचा हसता-बोलता चेहरा असतो. आम्हा कवींचं म्हणाल, तर गावोगावच्या संमेलनांत वाचलेल्या कविता असतात, ज्यांतल्या कित्येक कधी छापल्याच गेल्या नाहीत. व्हीएचएस नावाची ही कॅसेट १९७६ साली जपानच्या बाजारात आली. आपल्याकडे ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत ती घरोघर पोचली. ती वाजवणारं यंत्र म्हणजे व्हीसीआर. ते बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखल्या गेलेल्या जपानच्या फुनाईनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आज जे व्हीसीआर चालू आहेत ते सगळे जुने, डागडुजी करून चालवलेले.

आणि फितीचं काय? ती प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर चुंबकीय भुकटी चिकटवलेली असते. वर्षं जातात तशी ती भुकटी सुटू लागते. कोकणासारख्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. शिवाय वाजवताना दर वेळी ती व्हीसीआरच्या हेडवर घासते. थोडक्यात, जुन्या कॅसेटीत आता मोजकीच वाजवणी उरलेली असतात. म्हणून लोक त्या संगणकात उतरवून घेतात. आणि नेमकं तेव्हाच, निम्मी फीत झाल्यावर, संगणक गोठतो. माऊस हलत नाही, कळा दाबून उपयोग होत नाही. पुन्हा सुरू करा, पुन्हा फीत मागे फिरवा, पुन्हा घासा. यंत्राचा हा रुसवा म्हणून महागात पडतो. तो समजून कसा घ्यायचा आणि दूर कसा करायचा, एवढंच आज सांगणार आहे.

मी बोलतोय ते लिनक्स या प्रणालीबद्दल. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली तिचं कर्नेल लिहायला घेतलं आणि ते सर्वांसाठी खुलं केलं. जुन्या संगणकावरही ती चालते, पैसे पडत नाहीत, म्हणून कॅसेटी उतरवणाऱ्या हौशी मंडळींत तिचा वापर आहे. कर्नेल हा शब्द ऐकून फौजेतले कर्नलसाहेब आठवतील, पण त्यांचा इथं संबंध नाही. बदाम फोडल्यावर आत जो गर निघतो, त्याला इंग्रजीत कर्नेल म्हणतात. प्रणालीचा गाभा, तो कर्नेल.

एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. त्यात भाडेकरू राहतात. गाणी वाजवणारा प्रोग्रॅम एका खोलीत, पत्र लिहिण्याचा दुसऱ्या खोलीत, चित्र दाखवणारा तिसऱ्या. वाड्याचा एक कारभारी आहे. कुणाला कुठली खोली द्यायची, पाणी कुणाला किती वेळ सोडायचं, हे तो ठरवतो. त्याच्या कमरेला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या. हा कारभारी म्हणजे कर्नेल. एखाद्या भाडेकरूनं आपल्या खोलीत गोंधळ घातला, तर कारभारी त्याला बाहेर काढतो आणि वाडा चालू राहतो. पण कारभाऱ्याच्याच कचेरीत काही दुभाषे बसलेले असतात. प्रिंटरची भाषा जाणणारा एक, आवाजाच्या कार्डाची भाषा जाणणारा दुसरा, व्हिडिओ कार्डाची भाषा जाणणारा तिसरा. यांना ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नेलच्या आतच काम करतात. त्यांच्याही हाती तोच किल्ल्यांचा जुडगा असतो. म्हणून एका दुभाष्याचा हात चुकला की कारभारीच कोसळतो, आणि त्याच्यासोबत सगळा वाडा. बाकीचे भाडेकरू निर्दोष असूनही रस्त्यावर येतात.

या कोसळण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीला 'ऊप्स' म्हणतात. कर्नेलला ठेच लागते, ते त्या वेळचं काम मारून टाकतं आणि लंगडत पुढं जायचा प्रयत्न करतं. दुसरीला 'पॅनिक' म्हणतात. पुढं जाणं धोक्याचं आहे असं ठरवून कर्नेल जागच्या जागी थांबतं.

आता व्हिडिओ कार्डाकडे येऊ. नव्वदच्या दशकात बीटी ८४८ नावाची एक चिप आली आणि मागोमाग तिची धाकटी बहीण बीटी ८७८. या दोन चिपांवर अनेक कंपन्यांनी आपापली कार्डं बनवली. चिप तीच, पण तारांची जोडणी प्रत्येकाची वेगळी. लिनक्समधला त्यांचा ड्रायव्हर 'बीटीटीव्ही' या नावानं ओळखला जातो. त्याच्या यादीत दीडशेहून अधिक तऱ्हांची कार्डं आहेत. हे कार्ड व्हीसीआरकडून येणाऱ्या लहरींचे आकडे करतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत पूर्ण आकाराचं एक चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. एका ठिपक्याला दोन बाइट धरले तर एक चित्र सव्वाआठ लाख बाइटांचं झालं. अशी सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे दर सेकंदाला दोन कोटींहून जास्त बाइट, आणि तासाभराची फीत न आवळता साठवली तर सुमारे ७५ जीबी.

एवढं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावरून वाहायचं म्हटलं तर त्याला दुसरं काही सुचायचं नाही. म्हणून हे कार्ड आकडे परस्पर मेमरीत नेऊन ठेवतं. याला डीएमए म्हणतात. ड्रायव्हर कार्डाला एवढंच सांगतो, की अमुक पत्त्यावर माल उतरव. उतरवून झालं की कार्ड घंटी वाजवतं. या घंटीला इंटरप्ट म्हणतात. जुन्या संगणकांत अशा घंट्यांच्या तारा थोड्या असायच्या. एकाच तारेवर दोन-तीन कार्डं जोडलेली असायची. घंटी वाजली की कुणाकडची वाजली, हे प्रत्येक ड्रायव्हरनं आपापल्या कार्डाला विचारून ठरवायचं.

समजा, ड्रायव्हरनं मेमरीतली एक जागा परत केली, पण कार्डाला थांब म्हणायचं राहून गेलं. कार्ड बिचारं सांगितल्या पत्त्यावर माल उतरवतच राहतं. तोवर ती जागा दुसऱ्याच कुणाला, समजा डिस्कच्या कामाला दिलेली असते. वरातीच्या चित्राचे ठिपके डिस्कच्या हिशेबावर जाऊन पडतात. त्या क्षणी काहीच होत नाही. काही सेकंदांनी डिस्कचा ड्रायव्हर आपली वही उघडतो, त्यात भलतेच आकडे दिसतात आणि तो कोसळतो. पडद्यावर नाव येतं डिस्कच्या ड्रायव्हरचं.

आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट हीच आहे. यंत्र जिथं पडलं तिथंच त्याचं कारण असेल असं नाही. रात्री कुणी तरी गटाराचं झाकण उघडं टाकून जातं. पहाटे दूधवाला त्यात पडतो. पंचनाम्यात नाव दूधवाल्याचं येतं. झाकण उघडं टाकणारा तोवर घरी जाऊन झोपलेला असतो. म्हणून पडलेल्याचं नाव वाचून लगेच निकाल द्यायचा नसतो.

मग करायचं काय? सर्वांत आधी, कर्नेलच पडलं आहे का, हे पाहायचं. कित्येकदा फक्त पडदा गोठलेला असतो, आतला कारभारी शाबूत असतो. कीबोर्डावरची कॅप्स लॉक कळ दाबून पाहा. तिचा दिवा लागतो-विझतो आहे, तर आत कुणीतरी जागं आहे. घरात दुसरा संगणक असेल तर नेटवर्कवरून याला हाक मारून पाहा. उत्तर आलं तर दुखणं कर्नेलचं नाही, चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं असू शकतं. उलट, कीबोर्डावरचे दिवे आपोआप लुकलुकू लागले, तर ती पॅनिकची खूण.

दुसरी गोष्ट, यंत्राचे अखेरचे शब्द मिळवायचे. ऊप्सच्या वेळी कर्नेल पडद्यावर एक मजकूर सोडतं. कोणत्या ठिकाणी अडलं, तिथं कोणत्या वाटेनं पोचलं, आत कोणकोणते ड्रायव्हर हजर होते, सगळं त्यात असतं. सामान्य माणूस तो मजकूर पाहून घाबरतो आणि वीज बंद करतो. तसं करू नये. मोबाइलनं त्याचा स्वच्छ फोटो घ्यावा. मात्र संगणक पुरता गोठला असेल तर नोंदवहीत शोधून काही मिळत नाही, कारण शेवटचं वाक्य डिस्कवर लिहायलाच त्याला सवड मिळालेली नसते. अशा वेळी सिरियल केबलनं किंवा नेटवर्कवरून दुसरा संगणक जोडून ठेवतात. हा बोलतो, तो लिहून घेतो. जाणाऱ्याच्या उशाशी कुणीतरी वही घेऊन बसावं, तसं हे आहे.

या मजकुरात कधी कधी एक शब्द येतो, 'टेंटेड'. ज्याची अंतर्गत लिखावट उघड नाही असा एखादा ड्रायव्हर आत आला, की कर्नेल स्वतःवर ही खूण करून घेतं. इतर काही कारणांनीही ती येते. एका परिचितानं मला याचा मराठी अर्थ 'बाटलेला' असा सांगितला. मला तो शब्द रुचला नाही. कोण कशानं बाटतं, या हिशेबात आपल्या समाजानं फार माणसं दुखावली आहेत. आणि खुणेचा अर्थही तसा नाही. हा ड्रायव्हर दोषी आहे, असं ती म्हणत नाही. याच्या आत काय आहे ते आम्हाला वाचता येत नाही, म्हणून याला बाजूला ठेवून एकदा करून पाहा, एवढंच ती म्हणते.

तिसरी गोष्ट, दोष ड्रायव्हरचा की हार्डवेअरचा, हे वेगळं करायचं. मेमरी तपासणारा एक प्रोग्रॅम मिळतो, मेमटेस्ट नावाचा. तो रात्रभर चालू ठेवावा. सकाळी एक जरी चूक दिसली, तर ड्रायव्हरला बोल लावण्याआधी मेमरीची पट्टी बदलावी. कार्ड काढून, धूळ पुसून पुन्हा नीट बसवावं. वीजपुरवठ्याचा डबा जुना झाला असेल तर तोही पाहावा. बीटीटीव्ही हा ड्रायव्हर अनेक वर्षं सांभाळणारे गेर्ड क्नोर यांनी ड्रायव्हरसोबतच एक टिपण जोडलेलं होतं. संगणक गोठला तर काय पाहावं, हे त्यात फार प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे. दोष ड्रायव्हरचा असेल, वाईट हार्डवेअरचा असेल किंवा आणखी कशाचा असेल, असं ते आधीच सांगून टाकतात. काही मदरबोर्डांना दोन यंत्रांचं डीएमए एकाच वेळी झेपत नाही. तसं असेल तर नुसतं चित्र पाहताना काही होत नाही, डिस्कवर लिहिणंही सुरळीत चालतं, पण दोन्ही एकदम सुरू झालं की गाडी थांबते. पडद्याच्या कार्डाबरोबर घंटीची एकच तार वाटून घेतली तरी कधी कधी बिघडतं, हेही त्यात आहे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, कारण तिला बुद्धी नाही, संयम लागतो. एका वेळी एकच बदल करायचा. आपल्याकडे काय होतं? संगणक अडला की आपण कार्डाची जागा बदलतो, ड्रायव्हर बदलतो, केबल बदलतो, सगळं एका दमात. मग चाललं तरी कशानं चाललं ते कळत नाही. आणि आठवड्यानं पुन्हा अडलं, की आपण होतो तिथंच.

माझ्या उस्तादांकडे मी गझल घेऊन जायचो तेव्हा ते 'जमली नाही' असं कधी म्हणत नसत. एकेक ओळ बोटांवर मोजायला लावत. बोट जिथं अडखळेल तिथं थांबायचं, तेवढा एक शब्द बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. दोन शब्द एकदम बदलले तर रागवायचे. म्हणायचे, आता तुला कसं कळणार की लंगडं कोण होतं? संगणकवाल्यांची रीत मला नवी वाटली नाही ती यामुळं.

माझ्या याच उस्तादांचं कवितावाचन १९९४ च्या एका संमेलनाच्या कॅसेटीत आहे. त्यांच्या आवाजाची दुसरी नोंद कुठं असल्याचं आमच्या ऐकिवात नाही. माझ्या भाच्यानं जुना संगणक आणि जुनं कार्ड जमवून ती उतरवायला घेतली. पण त्यानं ती कॅसेट आधी हातातही घेतली नाही. म्हणाला, "मामू, पहिल्यांदा एखाद्या पडेल सिनेमाची कॅसेट द्या. तिचं काही झालं तरी कुणी रडणार नाही." घरात तशा कॅसेटींची कमतरता नव्हती. तुम्हालाही माझा हाच सल्ला आहे. यंत्राची परीक्षा मौल्यवान फितीवर घेऊ नका.

दहा-बारा मिनिटांनी संगणक गोठायचा. भाच्यानं वहीत चार रकाने आखले. आधी नुसतं चित्र पाहिलं, साठवलं नाही. दोन तास काही झालं नाही. मग चित्र घेतलं पण डिस्कवर न लिहिता टाकून दिलं. तेही चाललं. मग कार्ड बंद ठेवून डिस्कवर मोठमोठ्या फाइली लिहिल्या. तेही चाललं. मग दोन्ही एकदम केलं आणि बाराव्या मिनिटाला सगळं ठप्प. पुढं त्यानं घंट्यांची यादी काढून दाखवली. तीत व्हिडिओ कार्ड आणि डिस्क यांच्या नावापुढं एकच आकडा होता. कार्ड दोन खाच्या सोडून पलीकडं बसवलं, आकडा बदलला. बाकी कशाला हात लावला नाही. सिनेमा शेवटपर्यंत उतरला. पुन्हा उतरवला. तिसऱ्यांदाही उतरला. तेव्हा कुठं तो म्हणाला, "आता तुमच्या उस्तादांना बोलवा."

सगळ्यांचंच एवढ्यावर भागतं असं नाही. कधी दोष खरोखर ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीत असतो. जुनी चालत होती, नवी चालत नाही. दोन्हींच्या मध्ये हजारभर बदल झालेले असतात. मग काय हजार वेळा तपासायचं? नाही. मधोमधची आवृत्ती घ्यायची. ती चालली तर दोष पुढच्या निम्म्यात, अडली तर मागच्या निम्म्यात. पुन्हा मधोमध. अशा दहा पायऱ्यांत हजारातला एक बदल हाती लागतो. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो. टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली लिहिलेल्या गिट या साधनात यासाठी तयार सोय आहे.

आणि दोष सापडला की तो लिहून कळवायचा. 'तुमचा ड्रायव्हर बंद पडतो' एवढंच कळवणं म्हणजे डॉक्टरला 'बरं वाटत नाही' एवढंच सांगून फोन ठेवणं. कोणतं कार्ड, कर्नेलची कोणती आवृत्ती, शेवटची चाललेली कोणती, पहिली अडलेली कोणती, काय केलं की हमखास अडतं आणि यंत्राचे अखेरचे शब्द जसेच्या तसे. एवढं दिलं तर जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला, तुम्हाला कधी न भेटलेला माणूस तुमचं काम करून देऊ शकतो. ही जुनी कार्डं आता कोण वापरतं, असं म्हणून त्यांचा ड्रायव्हर काढून टाकणं सोपं होतं. पण २०२३ साली बीटीटीव्ही ड्रायव्हरची आतली जुनी बांधणी बदलून तो नव्या चौकटीत बसवण्यात आला. कुणाच्या तरी माळ्यावर अजून कॅसेटी आहेत, याची आठवण कुणाला तरी होती.

श्रोतेहो, या महिन्यात एक काम करा. कॅसेटी खाली उतरवा. कोरड्या फडक्यानं पुसा, प्रत्येकीवर तारीख आणि नावं लिहा, आणि बुरशी दिसली तर ती वाजवू नका, जाणकाराकडे न्या. मग एखाद्या धीराच्या पोराला हाताशी धरा. संगणक अडला तर त्याला थपडा मारू नका आणि कपाळालाही हात लावू नका. वही उघडा, काय घडलं ते लिहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. कारण सापडतं. आणि ते बहुतेक वेळा, आपण जिथं बोट दाखवत होतो त्याच्या दोन घरं पलीकडं असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)